इशारा आधी मिळतो, तरी लोक घर का सोडत नाहीत?

प्रश्न बोरिवलीच्या एका तरुणाचा आहे. त्याच्या घरी रात्री जेवताना युद्धाच्या बातम्या लागलेल्या असतात. मोठ्या हल्ल्याआधी सैन्य पत्रकं टाकतं, मोबाइलवर संदेश पाठवतं, अमुक वस्त्या रिकाम्या करा म्हणून नकाशे जाहीर करतं. ते बघून त्याचे वडील म्हणतात, "एवढं आधी सांगितलं होतं ना? मग जे राहिले ते आपल्या जबाबदारीवर राहिले." मुलाला हे पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. शेवटी त्याने घरचा एक प्रश्न जोडला आहे. त्याचा मोठा भाऊ नोकरीसाठी परदेशात आहे, तिथलं वातावरण बिघडलं तर त्याने नेमकं कधी निघावं?

मी परिचारिका आहे. मुंबईत शिकले, इथेच अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काम केलं, आणि मधल्या काळात वैद्यकीय मदत पथकांबरोबर विस्थापितांच्या छावण्यांत गेले. आयसिस या दहशतवादी संघटनेच्या ताब्यातल्या मोसुल शहरासाठी लढाई चालू होती तेव्हा इराकमध्ये होते, नंतर म्यानमारमधून रोहिंग्या आले तेव्हा बांगलादेशात कॉक्स बझारला. लष्करी डावपेचांवर मी बोलणार नाही, ते माझं क्षेत्र नाही. पण माणसं छावणीच्या दारात पोहोचतात तेव्हा त्यांची अवस्था काय असते, आणि ती घरातून कधी, कशी, कुणाला मागे ठेवून निघाली, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. जखम धुताना, बाळाचं वजन करताना लोक आपण होऊन हेच सांगत बसतात.

आधी बाबांचं म्हणणं नीट समजून घेऊ. त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे की इशारा मिळाला म्हणजे निघायला लागणारं सगळं मिळालं, आता प्रश्न फक्त इच्छेचा. मी जे पाहिलं त्यात असं जवळजवळ कधीच नव्हतं. घर सोडायला पैसे लागतात, वाहन लागतं, चालू शकणारं शरीर लागतं, मोकळा रस्ता लागतो, पलीकडे टेकायला जागा लागते आणि कधीतरी परत येता येईल असा थोडा भरवसा लागतो. इशाऱ्यातून मिळतो तो फक्त वेळ, आणि तोही बहुतेकदा अपुरा. मागे राहिलेल्यांची विचारपूस केली की यातलं काहीतरी कमी पडलेलं असतं. नुसत्या हट्टाने थांबलेले लोकही असतात, पण फार थोडे.

किती लोक निघू शकतात हे परिस्थितीवर ठरतं, म्हणून सरसकट बोलता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या डोंगराळ प्रदेशावर हल्ला केला आणि तिथले एक लाखाहून अधिक आर्मेनियन साधारण आठवडाभरात निघून गेले, प्रदेश जवळजवळ रिकामा झाला. त्यांच्यासाठी आर्मेनियाला जाणारा एकच डोंगरी रस्ता होता, पण तो खुला झाला होता आणि पलीकडे त्यांना घेणारा देश होता. मोसुलमध्ये याच्या उलट. तिथे लाखो लोक महिनोन्‌महिने शहरातच अडकून राहिले. रोहिंग्यांना ऑगस्ट २०१७ मध्ये कुणी पत्रक टाकून सांगितलं नव्हतं, तरी काही महिन्यांत सात लाखांवर माणसं चिखलातून, नदी ओलांडून आली. म्हणजे इशारा असूनही लोक अडकतात आणि इशारा नसतानाही निघतात.

बाबांशी बोलताना मात्र मोसुल किंवा गाझापासून सुरुवात करू नका. ती माणसं त्यांना लांबची वाटतील. युक्रेनमधल्या आपल्या मुलांपासून करा. १५ फेब्रुवारी २०२२ ला भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना तात्पुरतं युक्रेन सोडण्याचा सल्ला दिला होता. युद्ध २४ तारखेला सुरू झालं. मध्ये नऊ दिवस होते. तरी हजारो मुलं तिथेच राहिली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. का राहिली? विमानाची तिकिटं अचानक महागली होती. अनेक विद्यापीठं ऑनलाइन वर्ग घ्यायला तयार नव्हती, हजेरी बुडाली तर वर्ष जाईल ही भीती होती. घरी शिक्षणाचं कर्ज होतं. आणि दूतावासाच्या सूचनेची भाषाही सावध होती, ज्यांचं राहणं गरजेचं नाही त्यांनी निघावं अशी. इकडे आई-बाप फोनवर म्हणत होते, थोडं थांबून बघ, काही होणार नाही. २६ तारखेला बुखारेस्टहून पहिलं विमान २१९ जणांना घेऊन मुंबईत उतरलं, तेव्हा त्या मुलांना कुणी बेजबाबदार म्हटलं नाही, आणि ते योग्यच होतं.

त्यांच्यातलीच जी खारकीव्हमध्ये होती त्यांचं पुढे काय झालं तेही सांगा. १ मार्चला अन्न आणायला बाहेर पडलेला एक भारतीय विद्यार्थी तिथे मारला गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाने सांगितलं की ताबडतोब खारकीव्ह सोडा, जवळच्या तीन गावांपैकी एक गाठा, संध्याकाळी सहाच्या आत, आणि वाहन मिळत नसेल तर चालत जा. गावं ११ ते १६ किलोमीटरवर होती. बाहेर कडाक्याची थंडी आणि वर गोळाफेक. ही सगळी विशीतली, धडधाकट, बहुतेक एकटी मुलं होती. आता त्या जागी एक साठीची बाई ठेवा, तिचा पक्षाघात झालेला नवरा ठेवा, दोन नातवंडं ठेवा. सूचना तीच, वेळही तेवढाच.

माझ्याच व्यवसायातलं एक उदाहरण आहे. जून २०१४ मध्ये आयसिसने इराकमधलं तिक्रित घेतलं तेव्हा तिथल्या रुग्णालयात ४६ भारतीय परिचारिका होत्या, जवळजवळ सगळ्या केरळच्या. अनेकींचे पगार महिनोन्‌महिने थकले होते, आणि इराकला येण्यासाठी एजंटला दिलेलं कर्ज घरी तसंच उभं होतं. सुरुवातीला त्यांच्यातल्या काही जणी म्हणत होत्या की रिकाम्या हाताने परत जाऊन करायचं काय? जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या सुटल्या आणि अर्बिलहून निघालेलं त्यांचं विमान मुंबईत थांबून कोचीला गेलं. कर्ज काढून परदेशी गेलेल्या मुलीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. युद्धाच्या तोंडावरही महिनाअखेरीचा हिशेब माणसाच्या डोक्यातून जात नाही.

पैशाचं हे गणित सगळीकडे दिसतं. सगळ्यात आधी निघतात ते गाडीवाले, बँकेत शिल्लक असलेले, दुसऱ्या शहरात सख्खं कुणी असलेले. मग भाड्याच्या गाड्यांचे दर चढतात. पेट्रोल संपतं. काराबाखमध्ये आधी नऊ महिने रस्ता अडवून ठेवलेला होता, त्यामुळे इंधनाचा खडखडाट होता. निघायचं म्हणून लोक इंधनासाठी एका साठ्यापाशी जमले आणि २५ सप्टेंबरला तिथेच स्फोट झाला. दोनशेच्या आसपास माणसं गेली. ती घर सोडून निघण्याच्याच तयारीत होती.

कुटुंब कसं ठरवतं याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला तेच सगळ्यात कमी कळतं. आपण बातमीत आकडा ऐकतो, इतके हजार लोक निघाले. प्रत्यक्षात घर एकत्र निघतंच असं नाही. बायका-मुलं पुढे, कर्ता पुरुष मागे. म्हातारी आई म्हणते, मला इथेच मरू द्या, तुम्ही जा. मग एक मुलगा तिच्यासाठी थांबतो, आणि त्या मुलासाठी त्याची बायको थांबते. अशी एका माणसामुळे चार माणसं मागे राहतात. छावणीत आम्ही वयस्कर माणसांची संख्या कमी का दिसते असं विचारायचो तेव्हा उत्तर हेच यायचं. गुरं हाही मोठा विषय असतो. उभं पीक असतं. २९ सप्टेंबर २०१६ ला आपल्या सैन्याच्या सर्जिकल स्ट्राइकनंतर पंजाबात सीमेपासून १० किलोमीटरच्या आतली गावं रिकामी करायला सांगितली होती. भात कापणीला आलेलं. बायका-पोरं नातेवाइकांकडे गेली, आणि पुष्कळ घरांतले पुरुष शेताच्या आणि गुरांच्या राखणीला मागे राहिले किंवा दिवसा परत येत राहिले. मुंबईचंही असंच झालं होतं. १९४२ मध्ये जपानी बॉम्बच्या भीतीने कित्येक घरांनी बायकामुलांना गावी धाडलं आणि पुरुष नोकरीसाठी इथेच राहिले. बाबांच्या आजी-आजोबांच्या पिढीत कुणी तेव्हा मुंबईत असेल तर घरात ही आठवण निघेलही.

आजारी माणसांचं तर मी रोजच्या कामातून सांगू शकते. १३ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलने उत्तर गाझातल्या सुमारे ११ लाख लोकांना २४ तासांत दक्षिणेला जायला सांगितलं. त्यात रुग्णालयंही आली. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा उघडपणे सांगितलं की उत्तरेतल्या २२ रुग्णालयांत २,००० हून अधिक रुग्ण आहेत आणि त्यांना हलवायला लावणं हा त्यांच्यासाठी मृत्युदंड ठरेल. ऐकणाऱ्याला हे अतिशयोक्तीचं वाटू शकतं, म्हणून एक रुग्ण हलवणं म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे ज्याला बी टाइप म्हणतात त्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. रुग्णाला मिनिटाला पाच लिटर लागत असेल तर तो पाच तासांत संपतो. दहा लिटर लागत असेल तर अडीच तासांत. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण असेल आणि रुग्णवाहिकेत यंत्र नसेल तर एका माणसाने अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, सारखी दाबत बसायचं, हात थांबला की श्वास थांबला. मुंबईत एका रुग्णालयातून दुसऱ्यात असा एक रुग्ण न्यायचा तर आम्ही आधी तिथला बेड पक्का करतो, डॉक्टर आणि परिचारिका बरोबर देतो, आणि तरी गाडी सुखरूप पोहोचेपर्यंत जिवाला घोर असतो. तिथे रस्त्यावर लाखो माणसं, डिझेल नाही, आणि पलीकडच्या रुग्णालयांत आधीच जमिनीवर गाद्या. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा यंत्र लागतं. काचपेटीतलं बाळ कुणाच्या हातात द्यायचं? तेव्हा जे डॉक्टर आणि परिचारिका आदेश असूनही थांबले, ते का थांबले हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

इशाऱ्यावर विश्वास बसणं हीसुद्धा साधी गोष्ट नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये मोसुलवर चढाई सुरू झाली तेव्हा इराकी सरकारने विमानातून पत्रकं टाकली होती, आणि सुरुवातीला लोकांना घरातच थांबायला सांगितलं होतं. इतक्या माणसांना एकदम सामावून घेतील एवढ्या छावण्या तयार नव्हत्या. तेव्हा 'थांबा' हा सरकारी सल्ला होता, आणि ज्यांनी तो पाळला त्यांच्याच गल्लीत पुढे लढाई आली. इकडे आयसिस पळणाऱ्यांना गोळ्या घालत होती. म्हणजे सरकार सांगतं घरात रहा, घरावर तोफेचा गोळा पडतो, बाहेर पडलं तर कोपऱ्यावर नेमबाज. पूर्वेकडच्या खाझिर आणि हसनशामच्या छावण्यांत आलेल्या बायका निघण्याचा दिवस लढाई कुठे पोहोचली यावर ठरवत नव्हत्या. शेजारचं घर निघालं का, कालच्या रात्री निघालेले पोहोचल्याचा फोन आला का, घरात पीठ किती दिवसांचं आहे, यावर ठरवत होत्या. त्या परिस्थितीत मला याहून चांगली कसोटी सुचत नाही.

रस्त्याचंही तसंच. पळणाऱ्यांच्या वाटेवर सुरक्षित असा शिक्का मारला तरी ती सुरक्षित होत नाही. ८ एप्रिल २०२२ ला पूर्व युक्रेनमधल्या क्रामातोर्स्क स्थानकावर क्षेपणास्त्र पडलं तेव्हा तिथे गाडीची वाट बघत हजारो लोक होते, सरकारचं ऐकून निघालेले. साठच्या आसपास माणसं मेली. मोसुलहून निघालेल्यांना नाक्यावर पुरुष आणि मोठी मुलं बाजूला काढून द्यावी लागत होती, संशयितांच्या यादीशी नावं ताडून बघण्यासाठी. ज्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आहे त्या घराला त्या नाक्याची भीती बॉम्बइतकीच वाटते. मुलाचं नाव चारचौघांसारखं असेल आणि यादीत त्याच नावाचा कुणी दुसरा असेल, तर? कित्येक आया याच कारणाने शेवटच्या दिवसापर्यंत थांबल्या होत्या.

मग पलीकडे काय आहे? एप्रिल २०२३ मध्ये सुदानची राजधानी खार्टुममध्ये लढाई पेटली तेव्हा लोक दक्षिणेला वाद मदनीला गेले. त्या शहराने आणि आसपासच्या भागाने लाखो माणसांना जागा दिली. डिसेंबरमध्ये लढाई तिथेही आली आणि काही दिवसांत सुमारे तीन लाख लोक पुन्हा रस्त्यावर आले, त्यांतले कित्येक दुसऱ्यांदा. गाझात रफा हे शेवटचं ठिकाण म्हणून मे २०२४ पर्यंत तिथे सुमारे १४ लाख माणसं गोळा झाली होती. ६ मेला पूर्व रफा रिकामं करण्याचा आदेश आला आणि महिनाभरात जवळजवळ १० लाख लोक तिथूनही निघाले. वेगवेगळ्या ठिकाणांहून चार-पाचदा निघालेल्या कुटुंबाने सहाव्यांदा "आता नाही" म्हटलं तर त्याला अडाणीपणा म्हणू नये. प्रत्येक वेळी काहीतरी मागे राहतं, चूल, गादी, औषधं, उरलेले पैसे, आणि शेवटी अंगातली ताकद.

घर सोडल्यावर धोका संपत नाही, हे आमच्या कामाचं पहिलं सूत्र आहे. दारात आलेल्या मुलाच्या दंडाला आम्ही पट्टी लावून घेर मोजतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर ते अतितीव्र कुपोषण, त्याला त्याच दिवशी उपचारावर घ्यावं लागतं. गोवराची लस तंबू उभे राहण्याची वाट न बघता द्यायची असते, कारण दाटीवाटीत गोवर वणव्यासारखा पसरतो. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरावं असा मदतकार्याचा मान्य निकष आहे, आणि सुरुवातीच्या दिवसांत तेवढं क्वचितच मिळतं. टीव्हीवर जखमी दिसतात. तंबूत आमच्याकडे रांग असते ती रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या संपलेल्यांची.

राहता राहिला परतीचा प्रश्न, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत खोल आहे. मुंबईकराला तो समजायला युद्धाची गरज नाही. पावसाळ्याआधी आपल्याकडे धोकादायक इमारतींच्या याद्या लागतात. सी-१ वर्गातली इमारत म्हणजे ती रिकामी करायची, कधीही कोसळू शकते. नोटीस चिकटते, वीज-पाणी तोडलं जातं, तरी लोक आत असतात. त्यांना छत डोक्यावर पडावं असं वाटतं का? त्यांना संक्रमण शिबिर माहीत असतं. तिथे गेलेल्यांची दुसरी पिढी तिथेच वाढते हे माहीत असतं, आणि एकदा खोली सोडली की पागडीचा हक्क हातात राहील का याची खात्री नसते. युद्ध याच्या कितीतरी पट भयंकर असतं, पण मनात चाललेला हिशेब तोच. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरांतून गेले किंवा घालवले गेले. कित्येकांनी थोड्या दिवसांचा प्रश्न आहे म्हणून किल्ल्या बरोबर घेतल्या होत्या, आणि ते परत जाऊ शकले नाहीत. गाझातल्या बहुसंख्य लोकांचे आजी-आजोबा त्यांतलेच. त्यांना "तात्पुरतं निघा" म्हणून सांगितलं तर ते काय ऐकतात? आपल्या शेजारीही ही माणसं आहेत. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी कुटुंबांचं पुढे उल्हासनगर झालं. सायन कोळीवाड्याला पंजाबी निर्वासितांच्या वसाहती झाल्या. परत कुणी गेलं नाही.

मोसुलच्या बायका नेसत्या वस्त्रांनिशी यायच्या, पण घराचे कागद मात्र अंगाशी बांधलेले असायचे. ते भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या दोन-दोन पिशव्यांत गुंडाळलेले. तपासायला कपडे सैल करा म्हटलं की आधी ते पुडकं काढून मांडीवर ठेवायच्या आणि त्यावर एक हात धरून बसायच्या.

आता "आपल्या जबाबदारीवर" या शब्दांबद्दल. कायदा असं म्हणत नाही. हल्ल्याआधी नागरिकांना परिणामकारक इशारा द्यावा, हे युद्धाच्या कायद्यात आहे आणि ते चांगलंच आहे. इशारे देऊ नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही, त्यांनी जीव वाचतात. पण इशारा देऊन झाला की मागे राहिलेला माणूस नागरिक राहत नाही, असं कुठेच लिहिलेलं नाही. तो नागरिकच असतो, आणि हल्ला करणाऱ्यावरची काळजी घेण्याची जबाबदारी तशीच राहते. दुसऱ्या बाजूने लोकांना जाऊ न देणं, त्यांना ढाल म्हणून वापरणं हाही गुन्हा आहे, आणि मोसुलमध्ये तो सर्रास झाला. तरी एका बाजूच्या गुन्ह्याने दुसऱ्या बाजूचं कर्तव्य माफ होत नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात व्याप्त, म्हणजे परक्या सैन्याच्या ताब्यातल्या, प्रदेशाबद्दल स्पष्ट आहे की लोकांना हलवायचंच असेल तर राहण्याची, आरोग्याची, अन्नाची सोय शक्य तितकी बघावी, कुटुंबं तोडू नयेत आणि त्या भागातली लढाई थांबताच त्यांना परत आणावं. भारत या कराराला बांधील आहे, आपल्याकडे १९६० चा कायदाही आहे. बाबांना एवढंच विचारा की हे सगळं केलं गेलं होतं का? गाड्या पाठवल्या होत्या का, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गोळीबार थांबवला होता का, पलीकडे पाणी होतं का? जिथे हे होतं तिथे लोक निघतात. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर ऑगस्ट ते ऑक्टोबर अशी सलग उड्डाणं करून अम्मानहून एक लाखाहून अधिक भारतीयांना मुंबईत आणलं गेलं. त्यानंतर जानेवारी १९९१ मध्ये अमेरिका आणि मित्रराष्ट्रांचा हल्ला सुरू झाला, तोवर ती माणसं घरी पोहोचली होती. त्यांना घ्यायला विमान आलं होतं, आणि उतरल्यावर पाय ठेवायला स्वतःचा देश होता.

एवढं करूनही काही लोक राहतात, हेही मान्य करायला हवं. २०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेन सरकारने दोनेत्स्क भागातून निघणं सक्तीचं केलं, हिवाळ्यात गॅस नसेल म्हणून सांगितलं, गाड्या दिल्या, तरी पुष्कळ वयस्कर माणसं हलली नाहीत. त्यांच्यापुरतं बाबांचं म्हणणं काही अंशी खरं मानता येईल. पण सत्तरीची बाई आपल्या घरात थांबते, तेव्हा तिच्यावर बॉम्ब टाकण्याची परवानगी ती कुणाला देत नसते.

भावाबद्दल. तो कुठल्या देशात आहे, कुठल्या प्रकारच्या नोकरीत आहे, बरोबर कुटुंब आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. तरी माझा ठाम सल्ला असा की दूतावासाची पहिली सूचना आली की निघायचं, मग तिची भाषा कितीही सौम्य असो. पहिल्या सूचनेच्या वेळी विमानं चालू असतात आणि तिकीट विकत घेता येतं. तिसऱ्या सूचनेच्या वेळी सीमा गाठावी लागते. नंतर काहीच झालं नाही आणि तो परत गेला तर तिकिटाचे पैसे वाया गेले असं कुणी घरी म्हणायचं नाही, हे आत्ताच ठरवून टाका. मुलं आणि नोकरदार माणसं थांबतात त्यातलं एक मोठं कारण घरच्यांचा हा सूर असतो.

शांतता असतानाच काही गोष्टी करून ठेवायला सांगा. दूतावासाकडे नाव, पत्ता, फोन नोंदवलेला हवा. पासपोर्ट त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहे का हे आजच विचारा. आखातात कित्येक ठिकाणी तो मालकाकडे ठेवलेला असतो, आणि गडबडीच्या दिवसांत मालक भेटत नाही. शेजारच्या कुठल्या देशात भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय किंवा सीमेवर व्हिसा मिळून जाता येतं, तिथपर्यंतचा रस्ता कुठला, हे त्याने माहीत करून घ्यावं. महिनाभर पुरतील एवढी रोजची औषधं वेगळी ठेवावीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. थोडी रोख रक्कम लहान नोटांमध्ये, कारण कार्डाची यंत्रं सगळ्यांत आधी बंद पडतात. दोन-तीन फोन नंबर कागदावर लिहून खिशात, मोबाइलची बॅटरी संपल्यावर एकही नंबर आठवत नाही. पायात चालायचे बूट. पगार थकला असेल तर थकबाकीचा लेखी पुरावा, पगारपत्रक आणि करार यांचे फोटो काढून तुमच्याकडे पाठवावेत. मग तो बाकीसाठी अडकून बसणार नाही, मागाहून परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार करता येते.

आणि तुम्ही इथे बसून व्हॉट्सअॅपवर आलेले सुरक्षित रस्त्याचे नकाशे, अमुक सीमा उघडली असे संदेश त्याला पुढे पाठवू नका. खारकीव्हच्या वेळी पालकांच्या गटांत असे संदेश फिरत होते आणि मुलं त्यांवर विसंबून ठरवत होती. दूतावासाच्या अधिकृत खात्यावर आलेलं तेवढंच पाठवा. दिवसातून एक ठरलेली वेळ ठेवा, त्या वेळी त्याने फक्त एक संदेश टाकायचा. बाकी वेळ त्याची बॅटरी त्याच्याकडे राहू दे.

भाऊ कुठल्या देशात आहे ते कळवलंत तर सीमेचं आणि व्हिसाचं जास्त नेमकं सांगता येईल.